पत्र्यावरचा शोभेचा गंज: चढवणं सोपं, थांबवणं अवघड

मुंबईत पत्र्यावर गंज चढवायला कसब लागत नाही. जूनमध्ये गच्चीवर टाकून द्या, गणपती येईपर्यंत आपोआप तांबडा होतो. कसब लागतं ते पुढे. तो गंज पत्र्याला घट्ट धरून बसला पाहिजे, हात फिरवला तर बोटांना लागता कामा नये, भिंतीवर ओघळ येता कामा नयेत आणि वरून मारलेल्या क्लिअर कोटखाली पुढच्या पावसाळ्यात फोड उठता कामा नयेत. नेटवर फिरणाऱ्या कृती बहुतेक कोरड्या हवेत बसून लिहिलेल्या आहेत. गंज कसा आणायचा ते चार ओळींत सांगतात आणि 'शेवटी सील करा' म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे सगळी मेख त्या शेवटच्या वाक्यात आहे.

मेख मिठाची. गंज लवकर यावा म्हणून द्रावणात मीठ घालतात आणि त्यातलं क्लोराइड गंजाच्या थरात शिरून बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की खायचं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा बराच काळ त्याच्या वरच असते. म्हणजे कोटखाली अडकलेलं मीठ दर पावसाळ्यात ओलं होणार आणि पत्रा आतून खात राहणार. समुद्राचं पाणी तर मुळीच वापरू नका. दादर चौपाटीवरून बाटली भरून आणायची कल्पना रम्य आहे हे मान्य, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. इतकी कोरडी हवा मुंबईत क्वचितच असते. असा पत्रा पुरता वाळतच नाही.

मग सरळ कॉर्टेन का घेऊ नये, हा प्रश्न येतोच. अमेरिकेत यू. एस. स्टीलने १९३३ मध्ये बाजारात आणलेलं हे स्टील. त्यात थोडं तांबं, क्रोमियम, फॉस्फरस असतो आणि त्यामुळे गंजाचा थर दाट होऊन पुढचा गंज जवळजवळ थांबवतो. आपल्या रेल्वेचं वाघिणींसाठीचं आयआरएस-एम-४१ प्रमाणाचं स्टीलही याच जातकुळीतलं. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं २००८ चं 'मेमरी' हे अजस्र शिल्प कॉर्टेनचं आहे. पण तो थर स्थिर व्हायला आलटून पालटून ओलं-कोरडं हवामान लागतं आणि हवेत मीठ नसावं लागतं. वरळी-वर्सोव्याच्या वाऱ्यात कॉर्टेनही साध्या पत्र्यासारखंच झडत राहतं. भिंतीवरच्या दोन-तीन फुटांच्या कामाला एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा साधा पत्रा पुरतो. पैसे कोटिंगवर घाला.

पत्रा कोणता घ्यायचा

एमएसमध्ये दोन प्रकार मिळतील. सीआर (कोल्ड रोल्ड) म्हणजे गुळगुळीत, राखाडी, वर तेलाचा हात असलेला. एचआर (हॉट रोल्ड) म्हणजे निळसर काळी पपडी असलेला, जिला मिल स्केल म्हणतात. सीआर साफ करायला सोपा, पण फार गुळगुळीत असल्याने गंज त्यावर नीट धरत नाही. एचआर साफ करायला मेहनत पडते, पण अंगाला खरखरीतपणा असल्याने थर चांगला बसतो. मी एचआर सुचवेन. जाडी १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर. दोन बाय तीन फुटांचा तुकडा साधारण ७ किलो भरतो, तेव्हा भिंतीतल्या खुंटीचा विचार आत्ताच करा. १८ गेज हलका पडतो खरा, पण ग्राइंडरच्या उष्णतेने त्याला पोट येतं आणि ते मग बसवता बसवत नाही.

जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, जस्ताचा थर असेपर्यंत त्यावर तांबडा गंज येत नाही. आणि हो, मुंबईतल्या जहाजं मोडणाऱ्या दारुखाना भागातून आणलेला जहाजाचा जुना पत्रा कितीही देखणा असला तरी घरात लावायच्या कामाला टाळा. त्यातल्या खड्ड्यांत वर्षानुवर्षांचं खारं पाणी मुरलेलं असतं. ते धुऊन निघता निघत नाही. पूर्ण शीट हवी असेल तर कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. एकदोन तुकडेच हवेत तर गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे कटपीस पडलेले असतात.

आकार लेझरने कापून घेणार असाल तर कापणाऱ्याला विचारा, ऑक्सिजनने कापतो की नायट्रोजनने. ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर काळी, काचेसारखी पातळ ऑक्साइडची कातडी राहते. तिच्यावर गंज येत नाही, कोट मारला तर पुढे ती कोटासकट सोलून निघते, आणि बहुतेक कामं कडेकडूनच बिघडतात. नायट्रोजन नसेल तर प्रत्येक कड कानशीने किंवा फ्लॅप डिस्कने पांढरी करून घ्या. वेल्डिंगच्या आजूबाजूला आलेल्या निळ्या-जांभळ्या छटेलाही तोच न्याय.

साफसफाई, जिच्यावर सगळं उभं आहे

मिल स्केल पूर्ण निघाली पाहिजे. अर्धवट राहिली तर गंजात करड्या रंगाची बेटं दिसतात आणि ती कितीही द्रावण मारलं तरी बुजत नाहीत. ८० नंबरची फ्लॅप डिस्क लावून ग्राइंडर फिरवा, नंतर १२० चा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून एकाच दिशेने हाताने घासा. हे दुसरं काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात. पण ग्राइंडरच्या अर्धगोल खुणा गंजाखाली लपत नाहीत, उलट त्या खुणांमध्ये गंज गडद धरतो आणि त्या उठून दिसतात. कुणी सँडब्लास्टिंग करून देत असेल तर उत्तमच, सगळीकडे सारखा खडबडीतपणा मिळतो.

इमारतीत ग्राइंडर चालवायची सोय नसेल तर सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं. लिटरला १०० ग्रॅम घालून पत्रा त्यात रात्रभर बुडवा. सकाळी पपडी मऊ होऊन तारेच्या ब्रशने निघते, जिथे नाही निघाली तिथे आणखी एक रात्र. बाथरूम धुवायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, काम झटपट करतं, पण ते घरात नको. त्याच्या वाफेने त्याच बाल्कनीतल्या ग्रिलला, हत्यारांना, कुलपांना गंज चढतो, आणि शिवाय नको तेवढं क्लोराइड सुरुवातीलाच पत्र्यात जातं. हार्डवेअरच्या दुकानातली 'रस्ट रिमूव्हर'ची बाटलीही नीट वाचून घ्या. तिच्यात बहुधा फॉस्फोरिक ॲसिड असतं. ते लोखंडावर फॉस्फेटचा थर सोडतं, आणि तो थर गंजाला अडवायलाच असतो. मग लोक म्हणतात, इतकं स्वच्छ केलं तरी गंज का येत नाही.

त्यानंतर तेल. आधी थिनरने कापड बदलत बदलत पुसा, कारण तेच कापड फिरवत राहिलात तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. मग भांडी घासायचं लिक्विड आणि नायलॉनचा ब्रश, मग स्वच्छ पाणी. आता पत्रा उभा धरा. पाणी सलग पडद्यासारखं पसरलं तर तेल गेलं. कुठे थेंब गोळा होऊन पाण्याचा पडदा फाटला तर तिथे तेल आहे, पुन्हा धुवा. इथून पुढे नायट्रिलचे हातमोजे घातल्याशिवाय पुढच्या बाजूला बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा गंजात जसाच्या तसा उमटतो, रेषांसकट.

मागची बाजू आधी रंगवून टाका, दोन हात इपॉक्सी प्रायमरचे. नेहमीचा इनॅमल इथे नको, पुढे सोड्याच्या पाण्यात भिजवायचं आहे आणि त्यात इनॅमल मऊ पडतो. मागून उघडा राहिलेला पत्रा भिंतीच्या ओलीने गंजतो आणि तो गंज कडेवरून पुढे येतो.

द्रावण

दोन बाय तीन फुटांना पुरून उरेल असं प्रमाण देतो. औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्याकडे सहसा ६ टक्क्यांचं, म्हणजे २० व्हॉल्यूमचं असतं. परदेशी कृतींतलं 'पेरॉक्साइड' ३ टक्क्यांचं असतं. तेव्हा २०० मिली पेरॉक्साइडला २०० मिली आरओचं पाणी. पांढरं व्हिनेगर ५० मिली. मीठ ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. नेहमीच्या कृतींत याच्या दुप्पट मीठ असतं. ते कोरड्या गावांत चालून जातं. आपण निम्म्यावर भागवू, वेळ थोडा जास्त लागेल एवढंच. केमिकलवाल्यांकडचं ५० टक्क्यांचं औद्योगिक पेरॉक्साइड या कामाला आणू नका. ते कातडी जाळतं आणि लोखंडाच्या संपर्कात भडकून उकळतं.

मीठ आधी व्हिनेगरमध्ये आणि पाण्यात विरघळवा, पेरॉक्साइड सगळ्यात शेवटी घाला. मिश्रण लागेल तेवढंच करा, त्याच दिवशी संपवा, आणि उरलेलं झाकण घट्ट लावून ठेवू नका. पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो. गंजाचा एक कण जरी बाटलीत गेला तरी तो वेग वाढतो आणि बंद बाटली फुटू शकते. स्प्रेची बाटलीसुद्धा काम झाल्यावर डोकं सैल करून ठेवा. चष्मा लावा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि ब्लीच जवळपासही नको, व्हिनेगरशी मिळून त्यातून क्लोरीन वायू निघतो.

पत्रा उन्हात तापू द्या. हाताला ऊबदार लागला पाहिजे, चटका बसायला नको. आधी नुसतं व्हिनेगर एक फुटावरून बारीक फवारा, वाळू द्या, पुन्हा एकदा फवारा. पत्रा चमक सोडून करडा पडेल. आता मिश्रण फवारायचं. हा भाग बघण्यासारखा असतो. पहिल्या काही सेकंदांत काहीच होत नाही, मग सूक्ष्म बुडबुड्यांचा पांढरा फेस येतो, तो पिवळा होतो, पिवळ्याचा नारिंगी, आणि पत्रा हाताला आणखी गरम लागायला लागतो. इथे बहुतेकांचा हात आवरत नाही आणि ते फवारतच राहतात. पाण्याची डबकी होतील इतकं मारलंत की गंज पत्र्यावर न धरता पाण्यात तयार होतो आणि वाळल्यावर त्याची पिवळी भुकटी उरते. ती फुंकरीनेही उडते. तेव्हा दवासारखा पातळ फवारा, पूर्ण वाळवणं, मग पुढचा. उन्हात एका हाताला वीस-तीस मिनिटं लागतात. असे तीन ते पाच हात.

मिश्रणाचं काम इथे संपतं, गंजाचं नाही. पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ नुसतं आरओचं पाणी फवारून वाळू द्यायचं. पहिल्या दिवशीचा भडक नारिंगी रंग हळूहळू तपकिरीकडे झुकतो आणि थर आवळत जातो. अधूनमधून नायलॉनच्या ब्रशने सुटा गंज झाडून टाका. मास्किंग टेप घट्ट दाबून उपटून पाहा. टेपवर फिकट पिवळी धूळ आली तर ठीक, तांबडी पपडी आली तर थर अजून धरलेला नाही, झाडा आणि पुन्हा ओलं-कोरडं चालू ठेवा.

नक्षी आणि रंग

सपाट ठेवलेल्या पत्र्यावर सारखा रंग येतो, तिरका ठेवला तर ओघळांच्या रेषा येतात. लाकडाचा भुसा द्रावणात भिजवून पसरला आणि रात्रभर प्लास्टिकखाली ठेवला तर ढगाळ, ठिपक्याठिपक्यांची नक्षी मिळते. गोणपाट भिजवून अंथरलं तर विणीचा ठसा उमटतो, त्यासाठी गोणपाट आधी साबणाने धुऊन घ्या, नवीन तागाला तेल असतं. मात्र जिथे ओलं कापड पत्र्याला पूर्ण चिकटतं तिथे हवा पोचत नाही आणि गंज तांबडा न होता काळा राहतो. हा दोष नाही, नक्षीत तो कामाला येतो. हवा कुठे पोचू द्यायची हे तुमच्या हातात असतं. अक्षरं किंवा आकार कोरे ठेवायचे असतील तर विनाइल स्टिकर लावा, कडा नखाने घट्ट दाबून. कागदी मास्किंग टेपखाली द्रावण शिरतं.

रंग बदलायचे मार्ग थोडे आहेत, पण भरवशाचे आहेत. ब्लोलॅम्पने गंज २५०-३०० अंशांपर्यंत तापवला की त्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि पिवळट तपकिरी रंग गेरूसारखा लाल होतो. गेरू तरी दुसरं काय, लोखंडाचं लाल ऑक्साइडच. ज्योत एका जागी थांबवू नका, पत्रा वाकतो. हे कोट मारण्याआधीच करायचं आणि मागच्या इपॉक्सीचा विचार करून, म्हणजे लाल हवा असेल तर मागचं रंगकाम नंतर. लहान तुकडा असेल तर उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट होतो. बंदुकांच्या नळ्यांना काळा रंग द्यायची जुनी पद्धत हीच.

काळ्यासाठी मला सगळ्यात आवडतो तो हिरडा. आयुर्वेदिक दुकानातून हिरड्याची पूड आणा, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम घालून अर्धा तास उकळा, फडक्याने गाळा. गंजावर ब्रशने लावताच काही मिनिटांत निळसर काळा डाग उमटतो. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून तो रंग देतं. कलमकारीतला काळाही लोखंड आणि टॅनिनच्या याच जोडीवर उभा आहे. कोऱ्या चहाच्या दाट काढ्यानेही जमतं, पण फिकट. बाजारात मिळणारे 'रस्ट कन्व्हर्टर' यांतही बऱ्याचदा टॅनिक ॲसिडच असतं, म्हणून तांबडा रंग जपायचा असेल तर ते चुकूनही लावू नका, सगळं काळं होईल.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, थोडं वेगळं. पाण्यात विरघळवून साफ पत्र्यावर थेंब टाकले की लोखंड विरघळतं आणि तांबं त्या जागी बसतं, गुलाबीसर डाग दिसतात. ते टिकाऊ नसतं आणि तांबं-लोखंडाच्या जोडीमुळे त्या डागाभोवती गंज जोराने वाढतो. थोडक्या जागी ठीक, पूर्ण पत्र्यावर नको. मोरचुदाचं पाणी गटारात ओतू नका, माशांना ते विष आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं फेरिक क्लोराइड, जे लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्डासाठी मिळतं, त्याने गंज पटकन आणि गडद येतो, पण नावातच क्लोराइड आहे. धुण्याचं काम तिप्पट होतं. मी ते वापरा म्हणणार नाही.

धुणं

या टप्प्याला जो वेळ देतो त्याचं काम टिकतं.

आधी कोरड्या नायलॉन ब्रशने सुटा गंज काढा. मग भरपूर पाण्याने धुवा. महापालिकेचं तलावाचं पाणी चालेल, बोअरचं किंवा टँकरचं नको. मुंबईतलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, आपण मीठ काढायला निघालोय आणि तेच परत घालतोय असं होईल. नंतर धुण्याचा सोडा, लिटरला २० ग्रॅम, कोमट पाण्यात, आणि पत्रा त्यात रात्रभर बुडवून ठेवा. सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात लोखंड नव्याने गंजत नाही आणि थरातलं क्लोराइड हळूहळू बाहेर येतं. समुद्रतळातून काढलेल्या लोखंडी वस्तूंचं क्लोराइड संग्रहालयांतले संवर्धक अल्कधर्मी पाण्यातच भिजवून काढतात, त्यांना महिने लागतात कारण तिथे मीठ शतकांचं असतं. आपल्याला दोन रात्री पुरतात, दुसऱ्या रात्री पाणी बदलून.

मोठी परात किंवा टब नसेल तर लाकडी फळ्यांची चौकट करून त्यात जाड प्लास्टिक अंथरा, दोन इंच पाणी पुरतं.

मग सोडा धुऊन टाका आणि शेवटची दोन पाणी आरओची, जमल्यास गरम. मीठ गेलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, आरओवाले वापरतात ते टीडीएसचं पेन घ्या. आरओचं पाव लिटर पाणी पत्र्यावरून हळू ओतून खाली ताटात गोळा करा. ओतण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांत वीसेक अंकांपेक्षा जास्त फरक असेल तर अजून काही तरी सुटतंय, पुन्हा धुवा. हे प्रयोगशाळेचं माप नव्हे, ठोकताळा आहे, पण डोळे झाकून कोट मारण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

पावसाळ्यात काम करणाऱ्यांना एक फायदा आहे. मुसळधार पावसाचं पाणी जवळपास निर्मळ असतं. गच्चीवर पत्रा तिरका ठेवून दोन-तीन चांगल्या सरी घेऊ दिल्या तर धुणं फुकटात होतं. पण कोट मात्र पावसाळ्यात मारायचा नाही. गंज पावसाळ्यात, कोट ऑक्टोबरच्या कडक उन्हात किंवा त्यापुढे फेब्रुवारीपर्यंत, असं वर्षाचं वेळापत्रक लावलं तर अर्ध्या अडचणी उरतच नाहीत. मधल्या काळात पत्रा खोलीत, कापड न लावता, उभा ठेवा, आणि कोट मारायच्या आधल्या दिवशी पुन्हा एकदा धुऊन टेप लावून पाहा.

कोट

धुतल्यावर दिवसभर ऊन, मग हीट गनने पत्रा ६०-७० अंशांपर्यंत तापवा, म्हणजे हात टेकवून ठेवता येऊ नये इतका. गंज छिद्रांचा असतो, वरून कोरडा दिसला तरी आत पाणी असतं. खात्री करायची तर पत्रा गार झाल्यावर हातभर क्लिंग फिल्म चारी कडांनी टेपने चिकटवून तासभर उन्हात ठेवा. आतून धुकं धरलं तर अजून ओल आहे.

रंग कसा दिसणार हे आधी बघायचं असेल तर कोपऱ्यात पाण्याचं बोट फिरवा. कोट मारल्यावर गंज ओल्यासारखाच गडद दिसतो. कोरडा फिका नारिंगी रंग आवडला असेल तर तो कोणत्याही कोटखाली तसाच राहणार नाही, हे मनाची तयारी करून स्वीकारा. मॅट घेतला तर गडदपणा थोडा कमी जाणवतो. ग्लॉस कृपा करून नको, त्याने लोखंड प्लास्टिकच्या ट्रेसारखं दिसतं.

टिकाऊपणात टू-पॅक पीयू मॅट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलीयुरेथेन, सगळ्यांत वर. पिवळा पडत नाही, खारी हवा सोसतो. डब्यावरचं हार्डनरचं प्रमाण तोलून पाळा, डोळ्यांनी नको. पहिला हात थिनर जास्त घालून पातळ मारायचा, कारण तो गंजात शोषला जाऊन थराला बांधायला हवा. पुढचे दोन हात नेहमीच्या दाटपणाचे, कडांवर एक जादा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर नसेल, तर थांबा. पीयूचा हार्डनर ओलीशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि कोटात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. त्याच छिद्रांतून पुढचा गंज सुरू होतो. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. आणि राहत्या घरात पीयू स्प्रे करू नका. त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसाला वाईट, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. ब्रशने मारा, तरी कार्ट्रिजचा मास्क आणि उघडी खिडकी हवीच.

फर्निचरवाल्यांचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर ओल्या हवेत दुधाळ होतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. ॲक्रेलिकचा स्प्रे कॅन घरातल्या, कोरड्या भिंतीवरच्या कामाला पुरतो. मेण दिसायला सगळ्यांत सुंदर. एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग टर्पेंटाइन, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, उघड्या ज्योतीपासून दूर. ऊबदार पत्र्यावर फडक्याने चोळा, तासाभराने पुसा. दर वर्षी मे महिन्यात पुन्हा एक हात. पण एकदा मेण लावलं की त्यावर कोणताही कोट धरत नाही, तेव्हा आधी ठरवा. बेलतेल, म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल, पुष्कळ जण सुचवतात. रंग छान खुलतो, मात्र दमट खोलीत दिवसचे दिवस चिकट राहतं आणि धूळ धरतं. त्याची फडकी गोळा करून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

सगळं करूनही कोटखाली वर्षभराने धाग्यासारख्या वळवळत्या रेषा दिसल्या तर मीठ राहिलं होतं. गोल फोड असतील तर बहुधा ओल राहिली होती. कड सोललेली असेल तर लेझरची कातडी. पहिल्या दोन कारणांना वरून आणखी कोट हा उपाय नाही. तेवढा भाग घासून पांढरा करा, पुन्हा गंज आणा, पुन्हा धुवा. ठिगळ थोडं वेगळ्या छटेचं दिसतं, पण गंजात ते खपून जातं.

टांगताना पत्रा भिंतीला टेकवू नका. दहा-बारा मिलिमीटरचे नायलॉनचे स्पेसर आणि स्टेनलेसचे स्क्रू. स्क्रू लहान आणि पत्रा मोठा असल्याने या दोन धातूंच्या जोडीने फारसं बिघडत नाही, पण भोकाची आतली कड कोट लावायची राहून जाते, तिथे लहान ब्रशने दोन हात द्या. पांढऱ्या भिंतीवर तरी ओघळ आलाच तर तो रंगकामाचा प्रश्न. टाइलवर आला तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने निघतो, हातमोजे घालून, कारण ते विषारी आहे. मार्बलवर मात्र ऑक्झॅलिक लावू नका, दगडाची चकाकी जाते. म्हणूनच मार्बलच्या वर असलं काम टांगायचं असेल तर खालच्या कडेला आतल्या बाजूने पत्र्याची बारीक पन्हळ वेल्ड करून घ्यावी, आणि ती गंज आणण्याआधीच.